बाईंच्या सहा चांदण्या

बाईंच्या क्लासात शिरायचं तर आधी पाय धुवावे लागत. जिन्याच्या तळाशी बादली, तांब्या आणि दोरीवर टाकलेलं जुन्या पंचाचं फडकं. नवीन आलेली बाई तिथे हमखास बिचकायची. आपण कॉम्प्युटर शिकायला आलोय की देवळात, असं तिच्या तोंडावर दिसायचं. मग आमच्यातली कुणीतरी तिला समजावायची की खाली भाताची गिरणी आहे, तूस उडतं, पायाला लागून वर येतं आणि फ्लॉपीत गेलं तर आतलं सगळं जातं. ते खरंच होतं. पण बाईंना विचारलं तर त्या म्हणायच्या, "घरची कामं पायाला चिकटून येतात गं. ती खालीच धुवायची."

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. पनवेलच्या जुन्या बाजाराच्या मागे तेव्हा भाताच्या, पोह्यांच्या गिरण्या होत्या. त्यातल्या एकीच्या माळ्यावर बाईंनी तीन कॉम्प्युटर मांडले होते. गिरणीची मोटर सुरू झाली की दिवे मंदावायचे आणि कॉम्प्युटर मान टाकायचे. म्हणून क्लास दुपारी. गिरणीवाला जेवून पोत्यांवर आडवा व्हायचा, तेवढ्या वेळात आम्ही शिकून घ्यायचं.

त्या दुपारी मला अजून स्वप्नात येतात. कौलात बसवलेल्या काचेतून उन्हाचा एक पट्टा खाली यायचा आणि क्लासभर हळूहळू सरकत राहायचा. नव्या तांदळाचा वास सगळीकडे. पंखा फिरतोय, खाली गिरणी झोपलेली, पडद्यावर हिरवी अक्षरं उमटतायत. पळस्प्याच्या बाजूने येणाऱ्या ट्रकांचे हॉर्न ऐकू यायचे, पण दुसऱ्याच कुणाच्या तरी गावात वाजत असल्यासारखे. घरी सासूबाई उठल्या असतील, नळाला पाणी येईल, हे सगळं माहीत असायचं आणि तरी त्याचं काही वाटायचं नाही. मी स्वभावाने तिरसट. लग्नानंतर तर जास्तच झाले होते. पण त्या माळ्यावर माझा तिरसटपणा कुठे जायचा, देव जाणे.

बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. मुंबईत एका मोठ्या ऑफिसात त्यांनी उभी हयात कॉम्प्युटरच्या खात्यात काढली होती. कॉम्प्युटर खोलीएवढे असायचे आणि त्यांना भोकं पाडलेली कार्डं खायला घालावी लागायची, त्या काळापासून. त्या कार्डांचे गठ्ठे त्यांनी घरी आणून ठेवले होते. त्यांचा उपयोग त्या कशालाही करायच्या. बडीशेपेची पुडी बांधायला, टेबलाच्या पायाखाली घालायला, धुण्याची पावडर मोजायला. लहर लागली की उन्हाच्या पट्ट्यात एक कार्ड धरायच्या. समोरच्या भिंतीवर उजेडाचे ठिपके पडायचे. "हा कुणाचा तरी पगार आहे," म्हणायच्या. "बघा किती छान दिसतो."

तिन्ही कॉम्प्युटरना त्यांनी नावं दिली होती: थोरल्या वन्सं, मधल्या वन्सं आणि धाकट्या वन्सं. आम्ही आठजणी, सगळ्या लग्न झालेल्या, त्यामुळे नणंद म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागलं नाही. "वन्संशी कसं वागायचं?" बाई विचारायच्या आणि उत्तरही स्वतःच द्यायच्या. "गोड बोलायचं. उलट उत्तर करायचं नाही. त्या म्हणतील त्याच शब्दांत बोलायचं. आणि शेवटी आपल्याला हवं तेच करून घ्यायचं." मी पुढे बरीच वर्षं कॉम्प्युटरवर काम केलं, मोठ्या मोठ्या साहेबांची व्याख्यानं ऐकली. यापेक्षा जास्त कुणी काही सांगितलं नाही.

एक वाक्य क्लासात बोलायला बंदी होती. "आम्हाला काय कळतंय त्यातलं." जी बोलेल तिने जिना झाडायचा. सुरुवातीला जिना दिवसातून दोन-तीनदा स्वच्छ व्हायचा, पुढे पुढे त्यावर तूस साठायला लागलं. मग बाई खूश होऊन स्वतःच झाडायच्या. कुणी चुकलं आणि रडवेलं झालं तर म्हणायच्या, "पोळी करपली म्हणून कणीक संपते का?" फी म्हणजे एकच. शिकून झालं की आपल्यासारखी आणखी एक बाई आणायची आणि आपण शिकलो ते तिला आपणच शिकवायचं. विचुंब्याच्या हिराला मी शिकवलं, ते तसंच.

पण मला सांगायचंय ते नावाचं.

पहिल्या दिवशी बाईंनी मला थोरल्या वन्संपुढे बसवलं आणि नाव विचारलं. मी सांगितलं.

"हे झालं रेशनकार्डावरचं. आधीचं?"

मला कळेना. आधीचं म्हणजे माहेरचं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. नवरा अंगठीने तांदळाच्या ताटात नवं नाव लिहितो, बायका पेढे वाटतात आणि त्या संध्याकाळपासून मागचं नाव कुणी घेत नाही. माझ्या लग्नाला सात वर्षं झाली होती. आई-वडील गेलेले. ते नाव घेणारं माणूस राहिलं नव्हतं.

"मला सांगू नकोस," बाई म्हणाल्या. "वन्संना सांग. टाइप कर. आपली किल्ली तीच."

बाईंनी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. कॉम्प्युटर सुरू केला की तो नाव विचारायचा, पण टाइप केलेलं अक्षर दिसायचं नाही, त्या जागी एकेक चांदणी उमटायची. मी बोटं उचलली आणि तशीच बसले. एवढंसं नाव, पण हात पुढे होईना. मग एकेक अक्षर शोधत मी ते लिहिलं आणि पडद्यावर चांदण्यांची एक रांग उगवली. ते नाव दिसत कुठेच नव्हतं, पण ते तिथे आहे हे मला ठाऊक होतं. मला रडू आलं. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही, त्या खिडकीशी जाऊन बडीशेप खात उभ्या राहिल्या.

नवऱ्याचं नाव, मुलाचं नाव, देवाचं नाव, यातलं काही चालायचं नाही. "ती सगळ्यांना ठाऊक असतात," बाई म्हणायच्या. "तुमचं आधीचं नाव कुणाला आठवतं? त्याच्याइतकं पक्कं कुलूप नाही."

हिराची मात्र पंचाईत झाली. ती म्हणाली, "आमचे गावान नाव बदलीत नाय, बाय. पन त्या नावानी हाक मारतंय कोन? सासू म्हनते 'गो', नवरा म्हनतो 'ए', पोरा म्हनतात 'आये'. नाव हाय, पन पेटीत ठेवलेल्या लुगड्यासारखं हाय."

"मग तेच लिही," बाई म्हणाल्या. "आणि आम्ही दिवसभर तुला त्याच नावाने हाका मारू." त्यामुळे हिराचा पासवर्ड अख्ख्या क्लासाला माहीत होता. तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. उलट गरज नसताना कुणी "हिरा" म्हटलं तरी ती खुशीत वळून बघायची.

बाईंनी एकदा त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगितली होती. "ह्यांनी तांदळात नाव लिहिलं. अक्षर घाणेरडं. सगळे वाहवा वाहवा. आणि मग ते तांदूळ गेले स्वयंपाकघरात, त्यांचा झाला भात आणि पंगतीत लोकांनी माझं नवीन नाव वरणाबरोबर जेवून टाकलं. जुनं राहिलं शिल्लक." आम्ही पोट धरून हसलो. जुनं कोणतं ते विचारायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू बाईंनी गिरणीतच केलं. कुंकू खाली, जिन्यापाशी. वर आणायला मनाई, वन्संच्या नाकात जाईल म्हणून. आमच्या सासवांनाही बोलावणं होतं. माझ्या सासूबाई आल्या त्या काही कौतुकाने नव्हे. सून दुपारची जाते तरी कुठे, ते बघायला आल्या होत्या. तिळगूळ झाला, आणि बाईंनी त्यांना पाय धुवायला लावून वर नेलं. "वाण वर आहे," म्हणाल्या. सासूबाईंना इंग्रजी अक्षर येत नव्हतं. बाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी विचारलं. सासूबाई लाजल्या. सासूबाईंना लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी बाईंच्या कानात काही सांगितलं आणि बाईंनी त्यांचं बोट धरून एकेक बटण दाबवलं.

सासूबाई त्या चांदण्यांकडे बघत राहिल्या. "हे माझं?" त्यांनी विचारलं. बाई हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "भांडी राहू देत. तुझी वेळ झाली ना?"

बाईंचे यजमान, आमचे काका, रेल्वेतून निवृत्त झालेले. साधा माणूस. क्लास संपायच्या सुमाराला चहाची किटली घेऊन यायचे आणि जिन्याच्या वरून दुसऱ्या पायरीवर थांबायचे. पाय धुवायचा त्यांना कंटाळा. तिथूनच हाक मारायचे, "अगं." बाई ओ द्यायच्या, किटली घ्यायच्या, काका खाली जायचे. दोघांचं एवढंच बोलणं मी ऐकलंय, पण त्यात कधी कुरकुर ऐकली नाही.

दोन वर्षांत आम्ही तयार झालो आणि बाईंनी आमच्यासाठी काम मिळवलं. बंदराकडच्या एका ऑफिसची जुनी कागदपत्रं होती, जहाजांच्या मालाची. खोकीच्या खोकी. ती सगळी कॉम्प्युटरवर चढवायची. तिथले साहेब माळ्यावर येऊन गेले होते. पाय धुतले, पण नाराजीने. आमच्याकडे एक नजर टाकून म्हणाले, "बायकांना करमणूक म्हणून ठीक आहे. बुधवारपर्यंत काम पूर्ण झालं तर पुढचं बघू. तुम्हा आठजणींना महिन्याच्या पगारावर ठेवता येईल." आम्ही खाली मान घालून टाइप करत राहिलो. आमच्यातल्या एकीलाही तोवर पगार म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मला तो इतका हवा होता की मी तो मनातल्या मनात खर्चूनसुद्धा टाकला होता.

फ्लॉप्या महाग, म्हणून त्याच त्याच पुसून वापरायच्या. रोज संध्याकाळी बाई सगळ्यांचं काम थोरल्या वन्संच्या पोटात भरायच्या, आपली किल्ली लावायच्या आणि त्यांच्या डोक्यावर टॉवेल घालायच्या. किल्ली म्हणजे त्यांचं नाव; ती लावली की आमच्यातल्या कुणाची चालायची नाही. आम्ही मागून बघितलेलं, सहा चांदण्या उमटायच्या.

काम पुरं झालं आणि शनिवारी सकाळी बाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लाइन आळीतल्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतंय, समजतंय, जिवाचा धोका टळलाय, बोलण्याचं मात्र सांगता येत नाही.

दोन दिवस आम्हाला कामाची आठवणही झाली नाही. सोमवारी झाली. थोरल्या वन्संचा टॉवेल काढला, त्यांनी नाव विचारलं आणि आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. वाशीहून दुरुस्तीवाला बोलावला. तो म्हणाला, "मॅडम, पासवर्ड नाही तर सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं." मी त्याला चहा न देता घालवला.

मी काकांकडे गेले. ते दवाखान्यातल्या बाकावर बसले होते, मांडीवर रिकामा डबा.

"काका, बाईंचं माहेरचं नाव काय हो?"

त्यांनी डबा बाजूला ठेवला. "मी लिहिलेलं सांगू शकतो. त्याच्या आधीचं... पत्रिकेत होतं छापलेलं. य होता त्यात. का म होता?" मग त्यांचे डोळे भरले. "मी तिला जन्मभर 'अगं' म्हणत आलो बघ. कधी नाव लागलंच नाही."

माहेरी बाईंचं कुणी उरलेलं नव्हतं. आम्ही अंदाजाने नावं घालून पाहिली. यमुना, मालती, आठवतील ती. तीनदा चुकलं की बाईंच्या प्रोग्रामात लिहून यायचं, 'वन्सं रागावल्या', आणि सगळं बंद करून पुन्हा सुरू करावं लागायचं. दिवसभर वन्सं रागावत राहिल्या. बाईंच्या हातात पेन्सिल देऊन पाहिली होती, पण डाव्या बोटांत ती ठरेना. घरंगळून पडायची, आणि बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मी म्हटलं, पुरे. आठ पगार गेले तर गेले, या बाईला आता छळायचं नाही. हे मी म्हटलं खरं, पण रात्री उशी भिजली ती माझी मला ठाऊक.

मंगळवारी दुपारी मी आणि हिरा बाईंपाशी होतो. हिरा घरचे तांदूळ घेऊन आली होती. दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर स्टोव्ह होता, तिथे पेज करणार होती. खाटेला टेकून बसली, ताट मांडीवर घेतलं आणि खडे निवडायला लागली. खिडकीतून ऊन आलं होतं. पंखा फिरत होता. तांदळाचा तोच वास. मला डुलकी लागल्यासारखं झालं, माळ्यावरच बसलोय असं वाटलं.

तेवढ्यात बाईंचा डावा हात चादरीवरून सरकत आला आणि ताटात पडला.

"खडा दिसला काय वो बाय?" हिराने विचारलं.

हात निघाला नाही. एक बोट पुढे झालं आणि तांदळात फिरायला लागलं. हिरा समजली. तिने ताट उचलून खाटेवर ठेवलं, हलवून तांदूळ सपाट केले. बाईंनी पुन्हा बोट टेकवलं. अक्षर वेडंवाकडं, पोराने पाटीवर गिरवावं तसं. एक अक्षर झालं की हिरा ताट हलवायची, बाई पुढचं काढायच्या. मला पुढे वाकून बघायचं धाडस झालं नाही. मी हिराच्या तोंडाकडे बघत होते. ती ओठांतल्या ओठांत एकेक अक्षर लावत होती.

शेवटचं अक्षर झालं. हिराने ते सगळं जोडलं आणि, काय वाटलं तिला कुणास ठाऊक, बाईंना त्या नावाने हाक मारली. पुढे बाई नाही, काकू नाही. नुसतं नाव, आणि शेवटी तिच्या गावाकडचं "गो".

बाई म्हणाल्या, "ओ."

घोगरं, तुटकं, पण ओ. चार दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेला पहिला आवाज. काका दारात गरम पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "हेच," ते म्हणाले. "हेच होतं." मग खाटेजवळ आले आणि त्यांनी ते नाव स्वतः घेऊन पाहिलं, हळूच, चुकेल अशा भीतीने. बाईंनी त्यांनाही ओ दिली.

हिराने ते तांदूळ पुन्हा निवडले आणि त्यांची पेज केली. बाई ती सगळी प्यायल्या.

मी धावत गिरणीवर गेले. पाय धुवायला विसरले नाही. नाव इंग्रजीत लिहायचं तर किती प्रकारांनी लिहिता येतं, त्यात वन्सं दोनदा 'चुकलं' म्हणाल्या. मग मला त्या सहा चांदण्या आठवल्या, आणि बाई नेहमी सांगायच्या तेही, अक्षरं उधळू नका. मी एक जादाचं अक्षर गाळलं. सहा चांदण्या उमटल्या, आणि थोरल्या वन्संनी दार उघडलं.

बुधवारी काम पोचलं. साहेबांनी शाबासकी वगैरे दिली नाही, पुढची खोकी पाठवली. आम्हा आठजणींना त्यापेक्षा जास्त काही नको होतं.

बाईंची वाचा अर्धीमुर्धी परत आली. पुढे बरीच वर्षं त्या डाव्या हाताने शिकवत राहिल्या. काका दुसऱ्या पायरीवरून आता नावाने हाक मारायचे, पण हळू, कारण तो पासवर्ड होता, आणि बाईंनी तो शेवटपर्यंत बदलला नाही. हिराने विचुंब्याला नव्या इमारतींमध्ये स्वतःचा क्लास काढला. दारात बादली आणि तांब्या असतो. तिथे तूस नाही, काही नाही. येणाऱ्या मुली हसतात आणि पाय धुतात.

गिरणी गेली, तिथे आता उंच इमारत आहे. बाईही गेल्या. त्या दिवशी आम्ही आठजणी होतो, आणि आमच्या पाठून शिकलेल्या, त्यांच्या पाठून शिकलेल्या, कितीतरी. कुणीतरी नव्या मुलीने मला विचारलं, "मावशी, सगळे नुसतं बाई बाई म्हणतात. त्यांचं नाव काय होतं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते नाव आता तिघांनाच ठाऊक होतं, ते, हिरा आणि मी. किल्ली अशी कुणाला देतात का? पण विचारलंय तर उत्तर दिलं पाहिजे. बाईंचं नाव होतं * * * * * *